एकाच बॅटरीवर

भूत, चकवा, भानामती... असलं मी कधी मानलं नाही, आजही मानत नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेला पहिला माणूस मी, फिजिक्समध्ये बी.एस्सी. — आणि त्याचा मला अभिमान आहे. तरी हे लिहितोय.

मागच्या उन्हाळ्यात आप्पांना, म्हणजे वडिलांना, देवगाव रंगारीहून गारखेड्याच्या दवाखान्यात नेत होतो. भर दुपार. गाडी मी चालवत होतो, शेजारी धाकटा भाऊ बापू. आप्पा मागच्या सीटवर आडवे, नाकात नळी, पायाशी ऑक्सिजनचं मशीन. मशीनची स्वतःची बॅटरी केव्हाच गेलेली, म्हणून प्लग गाडीच्या मागच्या सॉकेटला लावलेला.

वेरूळच्या अलीकडं डॅशबोर्डवर बॅटरीचा लाल दिवा लागला.

"दादा, बंद करून जरा थंड होऊ दे," बापू म्हणाला. आमच्याकडं गाडीला काहीही झालं की हाच इलाज.

"येडा का? अल्टरनेटर गेलाय. चार्जिंग नाय, नुसत्या बॅटरीवर चाललीय. बंद केली तर परत सुरू व्हायची नाय." मी एसी बंद केला, टेप बंद केला. "इंजिनला, पेट्रोलच्या पंपाला तिथूनच करंट लागतो. आणि वरून हे मशीन लई खातंय."

"मग?"

"मशीन काढायचं नाय. गाडी जाईल तिथवर जाईल."

मागून आप्पा धापा टाकत हसले. "बघ बापू... माझी सोडून गाडीची नाडी बघतोय तुझा दादा."

खिडक्या उघडून चढ चढलो. दौलताबादच्या दरवाजात ट्रॅफिक तुंबलेलं. हॉर्न आधी बसका झाला, मग गेलाच. माझ्या हिशेबानं गाडी तिथंच मरायला पाहिजे होती. आमचे कान मात्र मागं, मशीनकडं — घुर्र... टक. घुर्र... टक. बापू सारखं म्हणायचा, "चालूय दादा, चालूय."

दवाखान्याच्या फाटकातच इंजिन बंद पडलं. पळत जाऊन मागचं दार उघडलं. मशीन चालू होतं, हिरवा दिवा लागलेला... आणि प्लग आप्पांच्या मुठीत. गाडी पोचावी म्हणून त्यांनी तो कधी उपसला, कुणास ठाऊक.

मी मूठ सोडवली, तसा आवाज थांबला.

डॉक्टर म्हणाले, "यांना जाऊन बराच वेळ झालाय."

अल्टरनेटर बदलला. ते मशीन नंतर कितीदा तरी प्लगशिवाय सुरू करून बघितलं, साधा दिवासुद्धा लागत नाही. भास म्हणावा, तर बापूनंही ऐकलं होतं.

एवढंच कळतं — तो आवाज थांबला असता, तर आम्ही एकदा तरी मागं वळून बघितलं असतं.