सेठच्या मेलबॉक्समधून नाहीसा झालेला राजीनामा

या सदरातले अनुभव मी आवडीने वाचते, पण वाचून झाल्यावर दरवेळी "काहीतरी कारण असेलच" असंच म्हणते. मी बीसीएच्या शेवटच्या वर्षाला आहे, आमच्या घरातून कॉलेजला गेलेली पहिलीच. सांगितल्याशिवाय कॉम्प्युटर काही करत नाही, हे आम्हाला सुरुवातीलाच शिकवतात. म्हणून हे लिहिताना जरा संकोच वाटतोय...

आम्ही मूळचे धुळ्याकडचे, राहतो सुरतला, बमरोलीत. वडील नाहीत. माझा मोठा भाऊ — दादा — इथल्या एका डाईंग मिलमध्ये डिस्पॅच सुपरवायझर आहे. राहायची खोली मिलची, आणि माझी फी त्याच्याच पगारातून. त्याच मिलच्या कॉम्प्युटर रूममध्ये हार्दिकभाईंच्या हाताखाली मी ट्रेनिंग करत होते.

गेल्या श्रावणातली गोष्ट. त्या रविवारी आमच्याकडे कानबाई बसणार होती. खानदेशी माणसाला सांगायला नको, पण इतरांसाठी सांगते — कानबाई ही आमची देवी, तिच्या रोटांना, म्हणजे प्रसादाच्या जाड पोळ्यांना, सगळे भाऊबंद जमतात, आणि कर्ता माणूस घरात नाही असं चालत नाही. दादाने सुट्टी मागितली. मिलचे मालक, सेठ, म्हणाले, "माल अटका है. छुट्टी नहीं मिलेगी." दादा आधीच तापट. शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत त्याने मिलच्या मेलवरून थेट सेठना राजीनामाच पाठवला. "मैं आदमी हूँ, मशीन नहीं. आपकी मिल आपको मुबारक."

मी जेवायला घरी आले होते. दादा आला आणि त्याने चप्पल भिरकावली.

"काय व्हयनं रे?" आईने विचारलं.

"सोडी दिनी नोकरी."

आईची भाकरी तव्यावरच राहिली. आमचं जेवण उरकायच्या आत दादाचा फोन वाजला. सेठ होते. "जा भाई, पूजा कर ले. सोमवार दोपहर को आ जाना, नखरे मत करना."

दादा उभा राहून "जी सेठ, जी सेठ" करत राहिला. फोन ठेवला तेव्हा चेहरा पांढरा पडलेला. म्हणजे सेठनी मेल अजून उघडलीच नव्हती. पण उघडणार तर होतेच!

"पूनम, तू कॉम्प्युटर शिकस ना? मंग ओढ ना ती मागे!"

आम्ही दोघं धावत मिलमध्ये गेलो. आमचं मेलचं सॉफ्टवेअर जुनं आहे. समोरच्याने मेल उघडली नसेल तर 'रिकॉल' दाबायचं, ती त्याच्या बॉक्समधून निघून जाते. पण सेठ बसतात त्या रिंग रोडच्या हेड ऑफिसचा सर्व्हर मागच्या दिवाळीला नवा झाला होता. नव्या सर्व्हरने जुन्याचं ऐकावं यासाठी त्यात एक सेटिंग असते. हार्दिकभाईंनी ती उघडून दाखवली. चौकटीत टिक नव्हती. वर ती चौकट करडी झालेली — दाबलीच जात नव्हती.

"पूनमबेन, आ नहीं थाय, हे होणार नाही," ते म्हणाले.

"मग तुम्हीच पुसून टाका ना, भाई," दादा काकुळतीला आला.

"सेठना बॉक्समां हाथ नाखुं? मारे पण नोकरी करवी छे! आणि पासवर्ड कुठे आहे माझ्याकडे?"

तरी मी दादाच्या अकाउंटमधून रिकॉल दाबलं. लाल अक्षरं आली — मेल परत घेता आली नाही. पुन्हा दाबलं. पुन्हा लाल.

शनिवारी सकाळी मी दादाला घेऊन परत स्क्रीन उघडली. त्याच मेलसमोर हिरव्या अक्षरांत लिहिलं होतं — परत घेतली. हार्दिकभाईंनी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. सेटिंग पाहिली... तशीच, करडी, बिनटिकेची. आम्हाला वाटलं, स्क्रीनच चुकीचं दाखवत असेल. विश्वास ठेवायची हिंमत झाली नाही.

रविवारी कानबाई बसली. दादा पूजा करत होता, पण नजर सारखी फोनकडे. काका त्याला चिडवत होते, "काय सुपरवायझर, सेठनं उपाशी ठेवं का तुले?" आणि आम्ही तिघं कसंनुसं हसत होतो. नोकरीबरोबर ही खोलीही जाईल, हे त्या पाहुण्यांत आम्हालाच ठाऊक होतं.

सोमवारी तापीवर विसर्जन करून दादा कामावर गेला. सेठ मिलमध्येच आले होते. मी काचेपलीकडून बघत होते, बोलणं ऐकू येत होतं.

"पूजा बराबर हुई? परसाद कहाँ है?"

"सेठ, हमारे में रोट बाहर नहीं देते."

"तो पेढ़ा ला, कंजूस! और सुन, शुक्रवार के सारे मेल आज देखे. वो ट्रान्सपोर्टवाला तेरी शिकायत करता है. उसको संभाल."

सारे मेल देखे! दादाने काचेतून माझ्याकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सेठचा मेलबॉक्स भरला म्हणून त्यांनीच हार्दिकभाईंना हेड ऑफिसला बोलावलं. दादाच्या मेलच्या आधीची मेल तिथे होती, नंतरचीही होती. मधली नव्हती. डिलीट केलेल्यांतही नव्हती. सर्व्हरच्या नोंदीत मात्र ती पोचल्याचं स्वच्छ दिसत होतं. मी हार्दिकभाईंना एकटं गाठून विचारलं, तुम्हीच काही केलंत का? त्यांनी मुलीची शपथ घेतली. सेठनीच वाचून, मोठ्या मनाने काढून टाकली असेल? शक्य आहे... पण मग आमच्या स्क्रीनवर 'परत घेतली' कसं आलं? आणि सेठना कोण विचारणार, "माझा राजीनामा वाचलात का?"

नंतर मी हार्दिकभाईंच्या हेड ऑफिसच्या अकाउंटवर किती तरी मेल पाठवून रिकॉल करून पाहिल्या. दरवेळी लाल अक्षरं.

आई म्हणते, कानबाईनेच ओढून घेतली. मला तसं म्हणता येत नाही, आणि दुसरं काय म्हणावं तेही कळत नाही. ती मेल गेली कुठे, हे कॉलेजच्या सरांना विचारणार आहे, असं परवा दादाला सांगितलं. तो डबा घेऊन कामावर निघाला होता, दारातच थबकला.

"तू शोधू नको वं माय," तो म्हणाला. "सापडनी म्हंजे?"