मावशीने वाचलेलं माझं पत्रक

आमच्या वॉर्डातलं वाचनालय पाचला बंद व्हायचं आणि परहे, म्हणजे धानाची रोपं, लावून बायका टेम्पोतून उतरायच्या साडेपाचला. मग ते उघडं तरी कोणासाठी होतं? हे मी अर्जात विचारलं, पत्रकात विचारलं, शेवटी बंद दारासमोर बसून विचारलं. तेव्हा कुठे सातपर्यंत उघडं ठेवायला मंजुरी आली. तीही पावसाळ्यापुरती! जशी काही अक्षरं धानासारखी चिखलातच रुजतात.

आमच्याकडे ती रुजतातही म्हणा. वर्षावासाचे तीन महिने विहारात रोज ग्रंथ वाचला जातो. एक जण वाचतो, बाकीचे ऐकतात. माझी मावशी जन्मभर ऐकणाऱ्यांतच बसली. त्या वर्षी म्हणाली, "औंदा आश्विन पौर्णिमेले शेवटचं पान मी वाचीन."

"तुले वाचता येते का?"

"नाही येत. म्हणून तं तुह्या वाचनालयात येऊन राह्यली."

वाचनालयातल्या बाईंनी अंकलिपी काढलीच नाही. विचारलं, "रोज कोणती बस दिसते?" मावशी ल शिकली ती लांजीच्या पाटीवरून, र राजेगावच्या. दहा-बारा जणी ओल्या लुगड्यांनी जमिनीवर बसायच्या. पेपर वाचणारे एक काका कुरकुरले, "पूरा कीचड़ कर दिया." बाई म्हणाल्या, "भात खाता ना काका? मग पाय वर घ्या."

भादव्यात निंदणाची कामं उरकली, गर्दी वाढली आणि मला चेव चढला. मी पत्रक छापलं: 'अज्ञानाच्या अंधारात खितपत पडलेल्या आमच्या माता-भगिनींनी अक्षरांची मशाल हाती घेतली आहे!' एक विहाराच्या दारावर डकवलं, बाकीची घरोघर टाकली.

दुसऱ्या दिवशी एकही बाई आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही.

मी तणतणत मावशीकडे गेले. ती तांदूळ निवडत होती. पत्रक सुनेने तिला वाचून दाखवलं होतं.

"कोण खितपत पडलं होतं व?" तिने वर न बघता विचारलं. "तू रोज खाते तो भात अंधारात पिकते काय?"

"मावशी, मी तुमच्याच बाजूनं लिहिलं."

"मंग लिवाच्या आधी आमाले काहून नाही विचारलं?"

मी उठले ती सरळ विहारात गेले. दारावरचं पत्रक मी स्वतःच्या हाताने खरवडलं. बाईंनी ग्रंथाचं शेवटचं पान मोठ्या अक्षरांत उतरवून दिलं. ते मी मावशीच्या हाती दिलं आणि एकही घोषणा न देता परत आले. दुसऱ्या दिवशी ती ते पान घेऊन वाचनालयात येऊन बसली, मागोमाग बाकीच्याही.

पौर्णिमेला ती पांढरं लुगडं नेसून आली आणि सरळ पुढे जाऊन बसली. ओळीखाली बोट धरून वाचू लागली. एकेका शब्दापाशी थांबायची. मी सांगायला तोंड उघडलं तसा आईने चिमटा काढला. कोणीच सांगितलं नाही. सगळा विहार थांबला, तिच्या बोटाबरोबर पुढे सरकला, पुन्हा थांबला. पान संपलं.

आता उठेल असं वाटलं, तर तिने कमरेतून माझं पत्रक काढलं.

"अ..." वाचून अडली. "हे अक्षर कोणतं व? कोण्याच बसवर नाही दिसलं मले."

"ज्ञ," मी म्हणाले.

"अज्ञान," तिने नीट वाचलं आणि पत्रकाची घडी माझ्या हातात दिली. "हे तुहं होय. ठेव तुह्यापाशी." सगळ्यांत मोठ्याने हसल्या त्या वाचनालयातल्या बाई.

आता हिवाळ्यातही सातपर्यंत उघडं ठेवा, हे आमचं नवं पत्रक आहे. छापायच्या आधी मी ते वाचनालयात खाली बसून वाचून दाखवलं. मावशीने पेन्सिल मागून घेतली आणि 'मशाल' खोडली.

"लाइट हाय ना तिथं," ती म्हणाली. "फक्त चालू ठेवा म्हणा."