डब्याला भिणारा कुत्रा

द्राक्षांत साखर भरली की पाखरं हाकायला आम्ही तेलाचा रिकामा डबा बडवायचो. तेव्हा आमच्याकडे बागेवर जाळी टाकत नसत. आमचा कुत्रा त्या आवाजाला इतका भ्यायचा, की पहिल्याच ठोक्याला खाटेखाली शिरून मुतायचा. नवऱ्याने त्याला ओढून डब्याशेजारी बांधला. म्हणे, सवय होईल. सवय कसली होतेय? दोरी चावून तो पळाला आणि संध्याकाळी कालव्यापलीकडे सापडला.

"कुत्रं हाय का ससा? नाशिक रोडला भाच्याकडं देऊन टाकतो," नवरा चिडला.

"तुम्हाला बांधून कानापाशी डबा बडवला असता, तर बसला असता का?" मी म्हटलं. मला कुत्रा द्यायचा नव्हता.

मी त्याची भाकरी त्याच डब्यात टाकायला लागले. भूक लागली तसा तो आपल्या पायांनी आला. मग मी डब्यावर नखाने टिचकी मारायची आणि तुकडा टाकायची. तो दचकला की थांबायची, ओढायची नाही. होता होता टिचकीचा ठोका झाला आणि ठोक्याचा दणका.

पुढच्या हंगामात नवऱ्याने बागेत डबा बडवला, तर कुत्रा भुंकत, शेपटी हलवत वेलींखालून धावत आला. पाखरं त्यालाच भिऊन उडाली. मी हसता हसता खालीच बसले.

"अगं, भाकरी आण! माझ्याकडं बघतंय ते!"

"भाच्याला निरोप धाडू का, कुत्रं घेऊन जा म्हणून?"

"गप. माझ्यातली अर्धी आण."