पायरीवरचं नाव

माजिवड्यातल्या आमच्या देवळात ग्रॅनाइट बसतंय. दगड कापल्याचा वास आला आणि बाबा आठवले. इथल्या पायरीवर त्यांनी जिवंतपणीच स्वतःचं नाव कोरून घेतलं होतं.

"अहो, जित्या माणसाचं नाव कोणी दगडात घालतं का?" आई चिडली होती.

"मेल्यावर कोण घालणार? इथे लोकांचे पाय तरी लागतील."

पापण्यांवर पांढरी भुकटी घेऊन ते ओल्या बोटाने एकेक अक्षर पुसत बसलेले. तेव्हा मला ती हौस वाटली होती. आज वाटतं, ती भीती होती.

मिस्त्रीला जुनी पायरी कुठे गेली ते विचारलं. त्याने मागचं गटार दाखवलं. त्यावर ती पालथी टाकली होती. नाव खाली, घाण पाण्याकडे. लोकांचे पाय लागत होते.

पुढच्या दाराशी काम चालू होतं; बाहेर पडायला तेवढीच वाट होती. मीही तिच्यावरूनच गेलो.