शिंजिराच्या गळ्यावरची काळी रेघ

वऱ्हाडाचा कारभार नागपूरहून चालायचा, त्या काळातली गोष्ट. आमच्या देऊळघाटात शहाण्यांची कमी नव्हती. सत्यभामाकाकूचा नवरा रंगराव खामगावच्या कापसाच्या जिनिंगात कामाला गेला आणि तिथंच दुसरी करून बसला. तर हेच शहाणे काकूला म्हणाले, "पुरुषाची जात, चालायचंच." मेल्यांना लाज नव्हती. काकू भाजी पिकवून एकटी पोट भरत राहिली.

एका उन्हाळ्यात तिच्या दारच्या गिलक्याच्या वेलाला शिंजिराच्या मादीनं घरटं टांगलं. चिमणीहून लहान पाखरू. बाकदार चोच, मळकट पाठ, पिवळं पोट. जळमटं आणून ती एकटी घर विणायची आणि नर शेंड्यावर बसून, उन्हात निळा-जांभळा चमकत, नुसता गायचा. काकूचं पित्त खवळायचं. "गा बे, गा! असाच एक मह्या नशिबी आला." तरी तिनं वेलाची गिलकी तोडली नाहीत. दारात पाखरानं घर केलं की तिथं हात लावायचा नाही, ही आमची रीत.

पिल्लं निघाली आणि नर दिसेनासा झाला. "पळाला! मले ठाऊकच होतं." त्याच्याऐवजी एक मळकट पाखरू घरट्याशी घिरट्या घालू लागलं. गळ्यापासून पोटापर्यंत काळी रेघ. हा उपरा पिल्लांवर टपलाय, असं समजून काकू त्याला ढेकळं मारायची.

एक पिल्लू उपाशी मेलं. त्या सकाळी ते पाखरू जवळच बसलं. त्याच्या खांद्यावर ऊन पडलं आणि तोच जुना निळा रंग चमकला. चोचीत कोळी होता. वीण सरत आली की शिंजिराचा नर झगझगीत पिसं टाकतो, मादीसारखा दिसतो, काळी रेघ तेवढी उरते. काकू बापालाच हाकलत होती! तिनं कपाळ बडवून घेतलं. उरलेलं पिल्लू त्यानं वाढवलं.

दिवाळीआधी रंगराव परतला. दुसरीनं हाकललेला, गालफडं बसलेला. दारात टेकत म्हणाला, "खायाले काई हाय काय?"

मागोमाग शेजारचा मोतीराम आलाच शहाणपण घेऊन. "बाई, पाखराले ओळखलं नाही, आता नवऱ्याले तरी ओळख. रंग गेला म्हून का मानूस बदलते?"

"ओळखलं ना," काकू कडाडली. "त्या पाखराचा रंग गेला होता, पन चोचीत लेकरासाठी घास होता. ह्याच्या हातात काय हाय, पाहा."

आणि तिनं दार लावून घेतलं.