फोटो नसलेला अंक

आमच्याकडं छापील कागदावर माणसाचा फोटो नसेल तर त्या कागदाला किंमत नाही. वाढदिवस असो, बैलगाडा शर्यत असो, नाही तर दुकानाचं उद्घाटन, फ्लेक्सवर गावातले सगळे चेहरे हवेतच. शिरूर-दौंडकडच्या आम्ही काही बायकांनी मासिक काढायचं ठरवलं, तेव्हा आमचे मामा, म्हणजे सासरे, म्हणाले, "शुभेच्छुकांचं फोटो टाक पोरी, हातोहात जातंय बघ." टाकले. आणि अंक खरंच हातोहात गेला.

पण वाचला कुणीच नाही. जो तो आपला फोटो शोधायचा, शेजाऱ्याचा आपल्यापेक्षा मोठा तर नाही ना ते बघायचा आणि अंक शोकेसमध्ये ठेवून द्यायचा. कासुर्डीत एका घरी तर तो पिशवीत घालून देवघराशेजारी ठेवलेला दिसला. मला रडूच आलं. लोकांच्या मागं लागून लागून लिहून घेतलेलं सगळं त्या पिशवीत पडलं होतं.

पुढच्या अंकात एकही फोटो नाही, असं मी सांगून टाकलं. हाही कुणी वाचला नाही तर मासिक बंद, हेही मैत्रिणींना बजावलं. मामा भडकले. "फोटो न्हाई तर घेनार कोन? आपल्याच हातानं पायावर धोंडा पाडून घेतीयास."

मीही काही कमी नाही. "मामा, लोकांची तोंडं रोजच दिसत्यात. मला त्यांच्या पोटातलं छापायचंय."

कवठे येमाईच्या एका बाईनं लिहून दिलं होतं : घरच्या मेंढ्या विकून आम्ही कांदा करायला लागलो, पण कुत्र्याला ते कोण सांगणार? ते रोज संध्याकाळी मेंढ्या बसायच्या त्या रिकाम्या जागेला फेऱ्या मारायचं. तेच पहिल्या पानावर घेतलं. केडगावात स्टेशनाजवळ झेरॉक्स काढल्या, पिना मारल्या आणि गावोगावच्या दूध डेअरीत एकेक अंक सुतळीनं खिळ्याला बांधून आलो. दूध घालायला आलेली माणसं रांगेत उभ्या उभ्या वाचतील, एवढीच आशा होती.

बरेच दिवस कुणाचा फोन नाही की निरोप नाही. माझं जेवणावरचं लक्ष उडालं. मग एका सकाळी कवठ्याच्या डेअरीवाल्याचा फोन आला, आवाज चढलेला. "ताई, तुमचा अंक कुनीतरी सुतळी कापून नेला! हितं माणसं भांडाय लागल्यात. निम्म्यांचं कुत्र्याचं वाचायचं ऱ्हायलंय, आन् ती मलाच चोर म्हनत्यात!"

मी फोन ठेवला आणि अंगणातच ओरडले. मैत्रिणींना फोन केले, पेढे आणले, पहिला मामांच्या हातावर ठेवला.

"काय झालं?"

"आपला अंक चोरीला गेला, मामा!"

मामांनी आधी माझ्याकडं, मग हातातल्या पेढ्याकडं बघितलं. मग पेढा तोंडात टाकून म्हणाले, "उद्याच दुसरा नेऊन बांध. आन् सुतळी जरा कच्चीच घे."