पाण्यातून निघून पळायचे कपडे

आमच्या घरात कॉलेज पास झालेली मी पहिली. हे मी मिरवते आणि मिरवणारच. पांढुर्ण्याच्या एका शाळेत मी विज्ञान शिकवते. आईबाप सौसरजवळच्या खेड्यात राहतात, दुसऱ्याच्या वावरात कापूस वेचायला आणि संत्री तोडायला जातात. माझी डिग्री त्यांना लवकर समजली. ट्रायथलॉन समजायला वेळ लागला.

"आधी पोहायचं, मंग सायकल, मंग पळायचं," मी मायला सांगितलं.

"आणि मंधात?"

"मंधात काई नाई."

"चहा?"

"चहाही नाई, माय."

"मंग एवढी घाई कायची हाये?"

खरी अडचण मात्र या मधल्या वेळाचीच होती. मध्ये कपडे बदलायलाही कोणी थांबत नाही. पाण्यात जे अंगावर असतं, त्याच ओल्या कपड्यांनी सायकलवर बसायचं आणि त्याच कपड्यांनी पळत शेवट गाठायचा. हे मायला सांगितलं तेव्हा ती एकदम खूश झाली. कपड्याचं तिला कळतं असं ती मानते. दुकानात गेली की कापड बोटांत चोळते आणि दुकानदाराआधी भाव सांगते.

"मंग सुतीच पाहिजे," ती म्हणाली. "घाम पिते, अंगाले लागत नाई."

मलाही ते पटलं. कापसाच्या मुलखात वाढलेल्या माणसाला सुती कापडावर शंका घ्यायचं सुचतच नाही. चांगलं जाड, गडद सुती कापड आणलं. शेजारच्या शिलाईवाल्या काकूंनी गुडघ्यापर्यंतची नाडीची विजार आणि अर्ध्या बाहीची कुर्ती शिवली. वस्तीतल्या बुद्धविहाराच्या अंगणात चार बायांनी दोन्ही हातात घेऊन पाहिल्या. शिवण पक्की आहे, असं सगळ्यांचं म्हणणं पडलं. होतीही पक्की.

सराव मी, माय कामाला जाते त्या वावरातल्या विहिरीत करायची. लहानपणी पाठीला डबा बांधून तिथंच पोहायला शिकले होते. पोहून झालं की वर येऊन कोरडे कपडे घालायची. सायकल दुसऱ्या दिवशी, पळणं तिसऱ्या. तिन्ही एकापाठोपाठ, त्याच कपड्यांत, कधी केलंच नाही.

मागच्या वर्षी नागपूरच्या शर्यतीत ते एकदम झालं. तलावातून आधी मी वर आले, विजार मागून आली. सुताने एवढं पाणी प्यायलं होतं की नाडी फुगून गाठ सुटेना, सोडून पुन्हा आवळता येईना आणि विजार कमरेवर राहीना. एका हाताने ती धरून सायकलपर्यंत गेले. सायकलवर ओली शिवण बुडाखाली दोरीसारखी लागली. पळायला लागले तेव्हा मांड्यांची आतली कातडी सोलून निघाली होती. दम होता, पाय चालत होते, पण प्रत्येक पावलाला मिरची लागत होती. रस्त्याच्या कडेला बसले. पायांनी नाही, विजारीने मला बसवलं, याचाच मला जास्त राग आला. यंदा शर्यत पुरी करायचीच, हे मी परतीच्या बसमध्येच ठरवलं.

घरी मायनं खोबरेल तेल लावलं. "सूत खोटं नसते," ती म्हणाली. "पाणी जास्त होतं."

दुखणं बरं झाल्यावर मी तिला सरळ सांगून टाकलं, "माय, सुती नाई चालत."

"काहून? आपल्या हातचा कापूस आता वाईट झाला का? कॉलेजात हेच शिकवलं तुले?"

मास्तरणीची सवय जात नाही. ती विजार आणि शाळेची खेळाची पॉलिस्टरची जर्सी, दोन्ही बादलीत बुडवून तारेवर वाळत घातल्या आणि तिला प्रयोगच दाखवला. वरण शिजेस्तोवर जर्सी सुकत आली. विजारीतून दुपारी जेवण झालं तरी पाणी गळतच होतं. मायनं पाहिलं, पण हार मानली नाही.

"धोतरालेही सुकाले टाइम लागते. म्हणून कोणी धोतर टाकून देते का?"

"धोतर नेसून कोणी पोहून पळते का?"

"तुहा आजा पळे, बैल सुटला की," ती म्हणाली आणि हसली. हसली म्हणजे नागपूरला खरेदीला ती येणार.

दुकानातल्या मुलीने आधी अंगभर एकसंध पोशाख दाखवला, समोर चेन असलेला. छान होता. पण शर्यतीआधी बाथरूमला जायचं झालं तर ओढून सगळाच काढायचा? मी दोन तुकड्यांचा मागितला. वर अर्ध्या बाहीचा, उन्हात खांदे भाजणार नाहीत असा. खाली मांडीवर घट्ट बसणारी चड्डी. सायकलच्या चड्डीला बुडाखाली जाड गादी असते, तशी नको होती. जाड गादी पाणी पिते आणि पळताना पायांत लोंबते. हिची गादी घडी केलेल्या रुमालाएवढीच होती. पांढरा रंग स्वस्तात होता, पण ओला झाला की सगळंच दाखवतो, म्हणून सोडला. मायनं निळ्यावर बोट ठेवलं. त्यावर आमचं भांडण झालं नाही.

भांडण मापावर झालं.

"एक नंबर मोठा घे," माय म्हणाली. आमच्या घरात कपडा नेहमी मोठाच घेतात. शाळेच्या गणवेशापासून स्वेटरपर्यंत मी सगळं बाह्या दुमडूनच घातलं. वाढतं अंग असतं, पुढं कामी येतो.

"माय, मी तिशीची झाली. आता काय वाढून राहिली?"

"अंग काई सांगून वाढते का? लग्न होईन, लेकरू होईन."

"ढिला असला तर त्यात पाणी भरते. मंग पुन्हा तेच."

"अन् एवढ्या घट्टात मांड्या दिसतीन ना वं!"

"दिसतीन. पळाले त्याच लागतात."

दुकानातली मुलगी तोंडावर हात ठेवून हसायला लागली. मायला हसू आलं नाही. तरी मी आतून घालायची खेळाची ब्रा घेतली तेव्हा तिनं स्वतः पट्टे ओढून पाहिले, मला हात वर करायला लावले, जागेवर उड्या मारायला लावल्या आणि दोन नापास केल्या. "हे खांद्यात रुतन." तिसरी तिनं पास केली. तिचं बरोबर होतं.

या वेळी घरी येऊन पहिल्याच शनिवारी पूर्ण तालीम केली. विहिरीत पोहले. माय काठावर दोर धरून उभी. तशीच ओली वर आले, सायकल घेतली आणि लोधीखेड्याच्या रस्त्याला लागले. जामसांवलीच्या हनुमानाला पायी निघालेल्या लोकांनी वळून पाहिलं. एकाने हात जोडले, कशाला ते मला अजून कळलं नाही. परत येऊन सायकल टाकली आणि बांधाबांधाने पळायला लागले. वावरात बाया कापूस वेचून राहिल्या होत्या. मायही तोवर कापसासाठी कमरेला ओटी बांधून त्यांच्यात उतरली होती.

"काहून वो, मास्तरीणबाईले कापड पुरलं नाई का?" एक बाई मोठ्यानं म्हणाली.

बाया हसल्या. मी जरा हळू झाले. मायनं कमर सरळ केली. तिच्या अंगावर लुगड्यावरून माझ्या बापाचा जुना फुलबाहीचा शर्ट होता, सगळ्याच बाया वेचणीला तसा घालतात. बोंडाच्या काट्यांनी हात ओरबाडू नयेत म्हणून.

"तू नवऱ्याचा बुशर्ट घालून कापूस वेचून राहिली, तवा तुले कोणी इचारलं का, बाई का बाप्या?" माय म्हणाली. "कामाचा कपडा हाये तो. तिचं काम वेगळं हाये."

"हो पर एवढं घट्ट?"

"ढिल्यात पाणी भरते," माय असं बोलली, जणू हे तिला जन्मापासून माहीत होतं. मी बांधावरून पुढं निघाले, हसू दाबत.

तालमीत दोन गोष्टी सापडल्या. मानेमागचं लेबल चावत होतं, ते कापून टाकलं. काखेतली शिवण थोडी घासत होती, तिथं आणि मांड्यांना आधीच व्हॅसलीन लावायचं ठरलं. पुढचे सगळे शनिवार तोच पोशाख घातला, शर्यतीच्या दिवशी त्याची नवलाई राहू नये म्हणून.

यंदा शर्यतीला माय सोबत आली. पाण्यातून वर आले तेव्हा कपडा अंगालाच होता, कुठं लोंबत नव्हता, आणि दोन्ही हात मोकळे होते. सायकलवर वारा लागला आणि अर्ध्या वाटेतच तो सुकत आला. पळताना मी घाबरतच पहिली पावलं टाकली. जळजळीची वाट पाहिली. आली नाही. मग दम लागला, पोटरी भरली, ऊन डोक्यात गेलं, म्हणजे जे दुखायला पाहिजे तेच दुखत होतं. त्या दुखण्याची तयारी मी केली होती. शेवटच्या वळणावर माय कठड्याला ओणवून ओरडून राहिली होती, "चाल वं! चाल माय!" आणि मी शर्यत पुरी केली.

"कितवी आली?" तिनं विचारलं.

"मांगून मोजलं तर लवकर सापडीन."

"असू दे. मांगं कोणी तरी हाये ना?"

"हाये."

"मंग झालं."

आम्ही झाडाखाली बसलो. तिनं डब्यातली भाकर आणि झुणका काढला. बाकीच्या मुली पिशव्या घेऊन कपडे बदलायला रांगेत उभ्या होत्या. मला घाई वाटली नाही. तशीच पोटभर जेवले, गवतावर पाय पसरून थोडी पडलेही. बसची वेळ झाली तेव्हा वरून फक्त कुर्ती चढवली आणि दोघी सौसरच्या बसकडे चालत निघालो.